आधी तिची, मग देवाची

आमच्या मंडळीत 'मी पापी आहे' असं म्हणायला कुणालाच जड जात नसे. दर रविवारी आम्ही ते सगळे मिळून म्हणत असू. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, पोरं मधे सतरंजीवर लोळत. खिडकीशी एखादा गावकरी उभा राहिला तर त्याला वाटावं, काय ही टोळी जमली आहे! पण त्या पापाला नाव नसे, गाव नसे. पाळकसाहेब म्हणत, आपण सगळीच उणी माणसं. ते खरं आहे, मी आजही मानतो. त्या खऱ्याचा मी काय उपयोग करून घेतला ते मात्र कुठे बोललो नव्हतो. बोललो ते फार उशिरा, आणि लिहितो आहे ते त्याहूनही उशिरा.

साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या वाटेवर आमचं कंपाउंड होतं. चर्च, चौथीपर्यंतची शाळा, लहानसा दवाखाना आणि राहायच्या काही खोल्या. मी शाळेत मास्तर होतो. बहात्तरच्या दुष्काळात तिथे दूधकेंद्र निघालं. परदेशातून दुधाची पावडर यायची, ती सकाळी मोठ्या पातेल्यात उकळून शाळेतल्या आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या मुलांना वाटायची. कोठीची किल्ली माझ्याकडे. रोजची पावडर मी मापून द्यायची आणि उकळायचं काम अक्काचं.

अक्का विधवा होती. मूलबाळ नाही. दवाखान्यामागच्या खोलीत एकटी राहायची आणि सगळं कंपाउंड तिला अक्का म्हणे. बोलायची अहिराणी, अगदी पाळकसाहेबांशीसुद्धा. तोंडाने फटकळ. रांगेत घुसणाऱ्या पोराला म्हणे, "ये राजा, तुना बापनी डेअरी शे का आठे?" पोरगं मागे सरायचं, आणि त्याचा पेला मात्र तीच काठोकाठ भरायची.

माझी सासुरवाडी चोपड्याची. मेव्हणे शिकलेले, एक रेल्वेत, एक कचेरीत. त्या घरात मी शेवटचा जावई. पाटावर बसायला बोलावायचे तेही शेवटी. दुष्काळाच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा एका पिशवीतून पावडर घेऊन गेलो. सासूबाईंनी तिचे पेढे केले. दुष्काळात पेढे! शेजारीपाजारी वाटले, आणि "आमच्या जावईबापूंनी आणलं" हे वाक्य मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या खेपेला आणखी नेली. मग खेपाच वाढल्या. घरात तान्हं मूल नव्हतं, कुणी आजारी नव्हतं. लोकांना सांगण्यासारखं एकही कारण माझ्यापाशी नव्हतं. पेढ्यांसाठी केलं, पाटासाठी केलं.

कोठीत पावडर कमी पडू लागली तसं मी रोजचं माप हलकं केलं. दूध पातळ व्हायला लागलं. पाड्यावरची एक बाई पेला घेऊन थेट पाळकसाहेबांच्या दारात गेली आणि तिने तो पायरीवर ओतून दाखवला. पायरी पांढरीसुद्धा झाली नाही.

पंच बसले. आमच्यातले थोरले पंच म्हणजे दवाखान्यातले म्हातारे कंपाउंडर. त्यांना सगळे आबा म्हणत. शांत माणूस, कुणाला दुखवायचं त्यांच्या जिवावर येई.

"अक्का, दूध पातळ का होतं गं?"

"मास्तर देस तितली पावडर मी टाकस," ती म्हणाली. "जास्ती कोठून आनू?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं ठरवून आलो नव्हतो. ते तोंडातून इतकं मऊ निघालं की मलाच आश्चर्य वाटलं. "माप बरोबर असतं, आबा," मी म्हणालो. "अक्काचा पाण्याचा अंदाज चुकत असेल. माणूसच आहे, चुकतं एखाद्याचं."

अक्काने माझ्याकडे वळून बघितलं.

पाण्याचा अंदाज असा रोज चुकत नाही, हे आबांना कळत होतं. त्यांनी मनात धरलं की पावडर अक्काच्या खोलीत जाते, आणि मास्तर बिचारा तिला झाकतो आहे. "जाऊ द्या," ते म्हणाले, "आपण सगळेच उणे." तिला दुधावरून काढून झाडलोटीवर घातलं. चोर असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती भांडली तरी असती. आम्ही तिला आरोप न करताच क्षमा करून टाकली. विहिरीवर मात्र बायका बोलायच्या, "अक्काकडचा चहा दाट असतो हो!" आणि हसायच्या. हळूहळू तिच्या हातचं कुणी घेईनासं झालं.

पुढच्या वर्षी मांडव घालून सभा झाल्या. जळगावहून उपदेशक आले होते, आवाज खणखणीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी साक्ष द्यायला बोलावलं तेव्हा मी उठलो. माझं मन खरंच जळत होतं, ते नाटक नव्हतं. मी म्हणालो, मी मोठा पापी आहे, माझे हात मळलेले आहेत, मी विश्वासाला जागलो नाही. बोलता बोलता रडलो. सगळा मांडव 'आमेन' म्हणाला. आबांनी मला मिठी मारली, त्यांचेही डोळे भरले होते. कुणी विचारलं नाही, काय केलंस? कुणाचं केलंस? मला त्या वेळी वाटलं, किती मोठ्या मनाची ही माणसं. न विचारण्यात त्यांची सोय होती आणि माझीही. पापी म्हटल्यावर मी त्यांच्यातलाच एक झालो. चोर म्हटलं असतं तर त्यांना माझं काहीतरी करावं लागलं असतं.

त्या रात्री मी गाढ झोपलो. वर्षभरात मला पंच नेमलं.

आता आमची एक रीत सांगतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. आदल्या शनिवारी समेट करायचा. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने त्याच्या घरी जायचं, सलाम करायचा, चहा घ्यायचा. आणि ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल त्याने रविवारी भाकर घ्यायची नाही, ताट आलं की पुढे जाऊ द्यायचं.

माझ्या साक्षीनंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला अक्काने भाकर घेतली नाही. दुसऱ्याला नाही, तिसऱ्यालाही नाही. बायकांत कुजबुज झाली. पाळकसाहेबांनी दोघींना तिच्याकडे पाठवलं.

"कुणाविषयी अढी आहे, अक्का?"

"शे एकजन."

"मग क्षमा कर ना बाई. माणूस चुकतो."

"मांगी तर देसू ना," अक्का म्हणाली. "मांगाले तं येऊ द्या."

त्या दोघी परत येऊन म्हणाल्या, फार कठीण मनाची बाई आहे. ते सगळ्यांनाच पटलं. पंच झाल्यावर भाकरीचं ताट घेऊन रांगेतून फिरणं माझं काम. बायकांच्या बाजूला तिच्यापाशी आलो की ती मान वर करून माझ्याकडे बघायची, आणि मी ताट पुढच्या बाईकडे न्यायचो. ज्याने चोरलं त्याच्या हातात ताट, आणि जिच्यावर आळ आला तिला त्यातला तुकडा नाही. हे असं चार-पाच वर्षं चाललं. मी दर शनिवारी ठरवायचो आणि दर रविवारी स्वतःला समजवायचो की देवाला तर सांगून झालं आहे, आता खपली कशाला काढा? शिवाय आता मी पंच. माझ्यामुळे मंडळीची बदनामी होईल. मनाला कारणं सुचवावी लागत नाहीत, ती आपणहून येतात.

पिंपळनेरला एका जैन शेठचं किराणा दुकान होतं, त्यांच्याकडून शाळेचं सामान यायचं. एकदा भादव्यात गेलो तर त्यांनी गल्ल्यावरून उठून मला हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, मास्तर. वर्षभरात काही दुखवलं असेल तर माफी असावी."

"शेठ, तुम्ही माझं काय वाकडं केलंत?"

"काहीच नाही. म्हणून तर तुम्हाला म्हणायला सोपं जातं!" ते हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "समोरचं दुकान थोरल्या भावाचं. सकाळपासून दोनदा पायरीपर्यंत गेलो. पाय चढत नाही. सगळ्या बाजाराची माफी मागितली आणि जिथे मागायची ते राहिलं." गूळ बांधता बांधता त्यांनी विचारलं, "तुमच्यात बरं आहे ना? एकदम देवाकडेच जाता."

"हो," मी म्हणालो. "तेच सोपं जातं."

त्यांना वाटलं मी थट्टेला थट्टेने उत्तर दिलं. सामान घेऊन निघालो तेव्हा शेठ परत समोरच्या दुकानाकडे बघत उभे होते. ते पुढे गेले की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र वाटभर एकच विचार करत आलो. आमच्या रीतीत म्हटलं होतं, ज्याच्या मनात अढी त्याने थांबावं. पण अढी कुणाच्या मनात असणार? ज्याला लागलं त्याच्या. ज्याने मारलं त्याचं मन मोकळंच असतं, विशेषतः तो मांडवात रडून आला असेल तर. इतकी वर्षं आम्ही दुखावलेल्या माणसाला बाहेर बसवत होतो आणि त्याला पावित्र्य म्हणत होतो.

पुढच्या समेटाच्या शनिवारी संध्याकाळी अक्काच्या खोलीशी गेलो. ती उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"सलाम, अक्का."

"बस, भाऊ." तिने पाट सरकवला. मी बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं. पावडर मी नेली, माप मी कमी केलं, तुझ्यावर मी ढकललं. माफ कर.

ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "हे देवले माहीत शे, माले माहीत शे, तुले माहीत शे. ज्यासले माहीत नही त्यासले सांग."

"अक्का, मी मांडवात सांगितलं होतं..."

"तू मांडवमा रडना," ती म्हणाली. "सांगं काय व्हतं?"

चहा तिने विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब ताटावरचा रुमाल काढणार तेवढ्यात मी उठलो आणि म्हणालो, मला बोलायचं आहे. दुधाची पावडर मी चोरून चोपड्याला सासुरवाडीला नेत होतो, असं म्हणालो. 'सासुरवाडी' या शब्दाला माझ्या बायकोने पदर तोंडावर घेतला. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी म्हणालो, पाड्यावरच्या मुलांच्या तोंडचं मी काढलं आणि अक्कावर घातलं.

'आमेन' कुणी म्हटलं नाही. आबा उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बस, बाळा, बस. झालं गेलं. आपण सगळेच उणे." पेटीवाल्याला त्यांनी खूण केली, त्याने सूर धरला.

"आबा, पेटी थांबवा," मी म्हणालो. "सगळे उणे आहेत, पण पावडर सगळ्यांनी नेली नाही. मी नेली. अक्काने नेली नाही. एवढं ऐकून घ्या, मग गा."

म्हातारा मटकन खाली बसला. त्याने तिला दुधावरून काढलं होतं. मी त्यालाही माझ्या पापात ओढून ठेवलं होतं, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं.

मी ताट दुसऱ्या पंचाच्या हातात दिलं आणि मागे, दाराशी जाऊन बसलो. भाकर वाटायला सुरुवात झाली. बायकांच्या बाजूला अक्का उठली आणि ताट यायची वाट न बघता पुढे चालत गेली. पाळकसाहेब थबकले. रीत होती ना. त्यांनी हळूच विचारलं, पण चर्च इतकं गप्प होतं की मला दारापर्यंत ऐकू आलं.

"अक्का, केलंस ना माफ?"

"नही," ती म्हणाली. "मी अजून माफ करेल नही. ते मी आनि मास्तर पाहीसूत. पन चोरी मी करेल नही, ते आते सगळासले कळनं. दे."

पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि तिच्या हातावर ठेवली.