डेझी कोण होती?

"कुत्र्याची?"

"हो आजोबा, कुत्र्याची."

"बिस्किटं?"

"बिस्किटं. हाडाच्या आकाराची. चित्रपण आहे, हे बघ."

"मी चष्मा लावलेला नाही."

"चष्मा तुझ्या नाकावर आहे."

"मग मला बघायचं नाही."

लविनाने फोन आजोबांच्या नाकासमोर आणखी चार बोटं पुढे सरकवला. इग्नेशियस आजोबांनी मान फिरवली आणि ते वाडीतल्या केळींकडे असे बघत बसले, जसं काही घड मोजायचं काम आत्ताच अंगावर येऊन पडलंय.

रविवारी लविनाचं लग्न. आज गुरुवार. आणि गेली पन्नास वर्षं गिरीजमध्ये नवरी मांडवात येते ती एकाच सुरावर. तो सूर इग्नेशियसच्या ट्रम्पेटमधून निघतो, त्याला 'डेझी' म्हणतात, आणि ते अमेरिकेतलं एक थोर प्रेमगीत आहे असं सगळं गाव समजतं. गावाला हे इग्नेशियसनेच सांगितलंय. आता स्वतःच्या नातीसाठी तो वाजवायचा, एवढी एकच गोष्ट त्याने या लग्नात मागितली होती. बाकी मेनू, साड्या, फोटोवाला, कशात म्हणून त्याने तोंड घातलं नव्हतं.

"गॉडफ्रे, तू सांग त्याला," लविना म्हणाली.

गॉडफ्रे म्हणजे नवरा मुलगा. पापडी गावचा, अंधेरीला एका जाहिरात कंपनीत कामाला. सगळा घोळ त्यानेच केला होता. आजोबांचा सराव ऐकता ऐकता त्याने सहज ती चाल फोनला गुणगुणून दाखवली, आणि फोनने पाचव्या सेकंदाला तिचं गोत्र शोधून दिलं. जुन्या जाहिराती जमवणाऱ्या कुणा अमेरिकन माणसाने ती इंटरनेटवर टाकून ठेवली होती.

"आजोबा, म्हणजे, चाल खरंच सुंदर आहे," गॉडफ्रे अंग चोरत म्हणाला. "फक्त त्यातली डेझी... ती मुलगी नाहीये."

"मग कोण आहे?"

"कुत्री आहे."

आतून स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. सालोमी आजी हसली की चिडली, ते कळलं नाही.

झालं होतं ते असं. चौऱ्याहत्तर साली इग्नेशियस एकवीस वर्षांचा होता. सकाळी केळी सायकलवर लादून वसईच्या बाजारात न्यायची आणि संध्याकाळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कॉयरच्या मास्तरांकडे ट्रम्पेट शिकायचं, असा दिवस. त्याचा मामा बोटीवर आचारी. मामाच्या कप्तानाने कुत्रा पाळला होता, आणि त्या कुत्र्याच्या खाऊच्या खोक्यातून गाण्याची एक पातळ, वाकणारी तबकडी फुकट निघाली. कप्तानाने ती फेकली, मामाने उचलली, भाच्याला आणून दिली. पाकीट अर्धं फाटलेलं. उरलेल्या अर्ध्यावर एक सोनेरी केसांची मुलगी, हातात लाल रिबिन धरलेली. रिबिनीचं दुसरं टोक फाटक्या भागाबरोबर गेलं होतं.

गिरीजमध्ये तेव्हा रेकॉर्ड वाजवायचं यंत्र कुठलं असायला? इग्नेशियस बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुकानदाराने सात वेळा तबकडी लावली आणि आठव्या वेळी त्याला हाकललं. पण सात वेळांत इग्नेशियसने सूर कागदावर उतरवले होते. शब्द जेवढे कळले तेवढे असे: ये डेझी, ये, दारात उभा मी, तुझ्यासाठीच आणलंय काही खास. पुढच्या ओळीत, जिथे कंपनीचं नाव होतं, तिथे सुई नेमकी अडकायची आणि उडी मारून शेवटावर जायची. शेवटी दोन आवाज: ढब, ढब.

ते दोन ठोके इग्नेशियसच्या बँडमधला बेसिल ढोलावर देऊ लागला. मग रीतच पडली. ढब म्हटलं की नवऱ्याने मान लववायची, दुसऱ्या ढबला नवरीने. तबकडीवरच्या मुलीचं चित्र वसईच्या हरेश्वर पेंटरने बँडच्या मोठ्या ढोलावर काढलं. रिबिन पुढे कुठे जाते ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने तिला झेंडूची फुलं लावली आणि वरमाला करून टाकली. गावात तीन मुलींची नावं डेझी ठेवली गेली. त्यातली थोरली आता मुख्याध्यापिका आहे. तिला हे कोण सांगणार, हा प्रश्न कुणी काढलासुद्धा नाही.

"आणि ते ढब ढब माहितीये काय आहे?" लविनाने फोनचा आवाज वाढवला.

गाणं संपलं. त्यानंतर स्वच्छ, खणखणीत: भू! भू!

इग्नेशियसने डोळे मिटले. "अमेरिकन ढोल असा असतो."

"मी त्याच दिवशी म्हटलं होतं तुला," सालोमी आजी हात पुसत ओटीवर आली. "कुत्रा भुंकतोय म्हणून. ट्रान्झिस्टर बिघडल्याचं घरी सांगून आले होते मी त्या दुकानात, तुझ्यासोबत ऐकायला. तू म्हणालास, सालोमी, तुला संगीतातलं काही कळत नाही. मग मी पन्नास वर्षं गप्प बसले."

"पन्नास वर्षं? तू?" इग्नेशियस म्हणाला.

"या बाबतीत."

"ते काही असो," लविना म्हणाली. "ऑफिसचे चाळीस जण येणारेत. एकाने जरी शोधलं, तरी मी आयुष्यभर बिस्किट. मी डीजेला एंट्रीचं गाणं सांगून ठेवलंय."

"कुठलं?"

"आत्ता सगळ्या नवऱ्या लावतात ते."

"ऐकव."

तिने ऐकवलं. चढलं, फुटलं, संपलं.

"बाकीचं कुठंय?"

"एवढंच. तीस सेकंद. रीलला तेवढंच लागतं."

"कापलं कोणी?"

लविनाने गॉडफ्रेकडे बघितलं. गॉडफ्रेने ओटीच्या लाद्यांकडे.

"पूर्वीपण असंच होतं, आजोबा," तो घाईने बोलू लागला. "जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीनच मिनिटं मावायची, म्हणून अमेरिकेत गाणी तीन मिनिटांची झाली. रेडिओवरचे कार्यक्रम साबणवाले चालवायचे. चांगले चांगले संगीतकार जाहिरातींना चाली द्यायचे. विकणं तिथे आधीपासून—"

"मी तुला ते विचारलं नाही. हिचं गाणं कोणी कापलं?"

"...शाम्पूवाल्यांनी."

"काय?" लविना ओरडली.

"अगं, ते गाणं कुणी ऐकत नव्हतं. मग आम्ही ते शाम्पूच्या जाहिरातीत घेतलं, तेवढा तुकडा कापला, आणि मग ते..."

"आम्ही?"

"माझी टीम."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू एवढ्या प्रेमाने निवडलंस..."

"म्हणजे मी केस धुतल्यासारखी चालत येणार होते? तुझ्याकडे?"

"कोंड्यासाठीचा शाम्पू आहे," गॉडफ्रे म्हणाला. हे का सांगितलं, ते त्याचं त्यालाच कळलं नसावं.

इग्नेशियस हसला नाही. ट्रम्पेट मांडीवर घेऊन त्याच्या तोंडाकडची पितळ धोतराच्या सोग्याने पुसत राहिला. "ज्याने चाल केली त्याला कुत्र्याची बिस्किटं खपवायची होती," तो म्हणाला. "पण बाई, चाल करताना तो चांगलाच माणूस असणार. वाईट माणसाला तो मधला वरचा सूर सुचत नाही. तो सूर मला एकवीस वर्षांचा असताना लागला, अजून लागतो. रविवारपर्यंत तरी लागेल."

"रविवारपर्यंत म्हणजे?"

"काही नाही."

"काही नाही काय?" सालोमी म्हणाली. "सोमवारी त्याचे पुढचे चार दात काढणार आहेत. डॉक्टर दिवाळीपासून मागे लागलाय. हा म्हणतो, लविनाचं लग्न होऊ दे. दात गेले की ओठाला आधार नाही, मग ट्रम्पेट खुंटीला."

"तुला सांगू नको म्हटलं होतं."

"पन्नास वर्षं गप्प बसले, बस झालं."

लविनाने फोन उलटा केला, सुलटा केला. मग नंबर लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"संकेत, मी लविना. रविवारच्या एंट्रीचं गाणं काढून टाक."

"का मॅडम? हिट आहे ते!" विरारच्या डीजेचा आवाज घरभर झाला.

"बँड वाजवणार आहे. माझे आजोबा."

इग्नेशियसने ट्रम्पेट पुसायचं थांबवलं.

"ओके मॅडम, नो प्रॉब्लेम. कुठलं गाणं? नाव सांगा, स्क्रीनवर टाकायला लागतं."

"डेझी."

"भारी! लव्ह साँग ना? कोणाचं आहे? म्हणजे बनवलंय कोणी?"

गॉडफ्रेने तोंडावर हात धरला. सालोमी आजी पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली. इग्नेशियस नातीकडे बघत राहिला.

"मॅडम? ऐकू येतंय का? कोणाचं टाकू?"

"तूच सांग त्याला," असं आजोबांना म्हणत लविनाने फोन अलगद खुर्चीवर ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि वाडीत निघून गेली.