दिलेल्या लेकींचा तक्ता

गेल्या वर्षी भातझोडणीच्या दिवसांत, एका मंगळवारी सकाळी साडेदहाला, शहापूरच्या रक्तपेढीत माझ्या वहिनीसाठी काढलेली ‘ओ’ गटाची तिसरी पिशवीही परत ठेवण्यात आली. वहिनी नववा महिना लागून इस्पितळात होती. वार गर्भाशयाच्या तोंडाशी सरकली होती, अंगात रक्त कमी होतं. हाताशी रक्त असल्याशिवाय शस्त्रक्रियेला हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुदत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

तिच्या शाळेच्या कार्डावर गट ‘ओ’ होता. तिन्ही पिशव्या ‘ओ’च्याच होत्या. तरी तिच्या रक्तात मिसळताच काचेवर गुठळ्या होत होत्या.

रक्तपेढीच्या तंत्रज्ञाने कारण सांगितलं. ‘ओ’ गटाच्या रक्तपेशींवरही एक खूण असते. क्वचित एखाद्याच्या पेशींवर तीही नसते. साध्या तपासणीत असा माणूस ‘ओ’ दिसतो, पण त्याचं शरीर ती खूण परकी समजून तिच्यावर तुटून पडतं. याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. अशा माणसाला त्याच गटाचं रक्त लागतं. ते बहुधा नात्यातच सापडतं.

‘‘तुम्हाला हे ओळखता आलं कसं?’’ मी विचारलं.

‘‘मुंबईच्या मॅडमनी शिकवलंय. ‘ओ’ आला की तिथं थांबायचं नाही, उलट बाजूनेही तपासायचं, म्हणजे त्या माणसाच्या रक्तातलं पाणी ‘ओ’च्या पेशींवर घालून बघायचं. आमच्याकडून शंभरदा करून घेतलं होतं.’’

या मॅडमना मी पाहिलं होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, मुरबाडची बातमीदारी माझ्याकडे असताना, त्या सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात रक्ताचे नमुने घ्यायला आल्या होत्या. रक्त आणि रोगप्रतिकारशक्ती हा त्यांच्या संशोधनाचा विषय. ओटीवर त्यांनी खाकी कागद पसरला आणि कुटुंबातली माणसं विचारली. पुरुषांनी आजा, बाप, चुलते, मुलगे सांगितले. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. कागदावर जवळजवळ सगळे चौकोनच झाले.

मॅडम उठल्या आणि मागच्या दारी गेल्या. तिथे एक म्हातारी नाचणी पाखडत होती.

‘‘आजी, या घरातल्या पोरी कुठं कुठं दिल्या?’’

म्हातारीने सूप खाली ठेवलं नाही. पाखडता पाखडता तिने अकरा गावं सांगितली. मामाच्या घरी कोणती दिली, आत्याच्या घरी कोणती, तेही सांगितलं. या गावात मामा-आत्याच्या मुलांना मुली देण्याची रीत आहे, त्यामुळे तेच रक्त फिरून एकत्र येतं.

ओटीवरून कुणी तरी ओरडलं, ‘‘मॅडम, त्या दिल्या घरच्या! त्यांचा नंबर तिकडं लावा!’’

‘‘रक्त इथूनच गेलंय ना?’’ मॅडम म्हणाल्या आणि वर्तुळं काढत राहिल्या. पुढची दोन वर्षं मॅडम त्या अकरा गावांना जात होत्या, हे मला बऱ्याच नंतर कळलं. मी दिलेली चार ओळींची बातमी छापून आली नव्हती. पुढे त्याच घरातली मुलगी माझ्या भावाला केली, तीच ही वहिनी.

वहिनीची आई हयात नाही. मंगळवारी दुपारपर्यंत तिचे वडील आणि दोन्ही भाऊ तपासून झाले. तिघांचंही जुळलं नाही.

‘‘आता कोन उरलाय?’’ वडील बाकावर बसून म्हणाले. ‘‘आमच्यातलं कोनीच नाय.’’

तंत्रज्ञाने मॅडमना फोन लावला. त्या आता निवृत्त आहेत. त्यांनी गाव आणि वडिलांचं नाव विचारून फोन ठेवला. वीस मिनिटांनी त्यांचाच फोन आला. तंत्रज्ञाने स्पीकर लावून तो माझ्यापुढे धरला.

‘‘कागद सापडला. तुमच्या वहिनीचं वर्तुळ रिकामं आहे. बाजूला लिहिलंय, ‘आश्रमशाळेत, नमुना राहिला’. पण तिच्या वडिलांची चुलत बहीण उंबरमाळीकडे दिली आहे. तिचं वर्तुळ काळं आहे. म्हणजे तिचा हाच गट. तिला आणा.’’

वडिलांनी मान वर केली. ‘‘ती? अरे, ती तर दिलेली.’’

‘‘म्हणून तर सांगतेय,’’ मॅडम फोनवर म्हणाल्या.

वहिनीची ही आत्या चारच्या सुमारास जीपने आली. वय पन्नाशीचं, हाताला भाताचा कोंडा तसाच. हिमोग्लोबिन पुरेसं भरलं. सुई टोचताना ती वहिनीच्या वडिलांकडे, आपल्या चुलत भावाकडे बघून म्हणाली, ‘‘वीस वर्सांत भाऊबीजेला नाय आलास, नी आता रगत पायजे म्हनून गाडी धाडलीस रे?’’

‘‘येतो यंदा.’’

‘‘भाऊबीज झाली रे दादा. कवाच झाली.’’

तंत्रज्ञ हसला. वडील हसले नाहीत. तिची चप्पल खाटेखाली सरकली होती, ती त्यांनी वाकून बाहेर काढून ठेवली.

तपासण्या होऊन रात्री आठला पिशवी जुळल्याचं कळलं. या वेळी काचेवर गुठळी झाली नाही. बुधवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली. पिशवी पूर्ण लागली. सातव्या दिवशी वहिनी घरी आली.

महिन्याभराने मॅडमनी त्या खाकी कागदाचा फोटो पाठवला. वहिनीचं वर्तुळ काळं केलेलं आहे. त्याखाली एक नवीन, लहान वर्तुळ काढलं आहे.