न सुटलेली सुपारी

धाकट्या बहिणीच्या लग्नात मी सकाळपासून जळत होते. आतल्या आत वगैरे नव्हे, चांगला धूर निघेपर्यंत. हळद लावताना आईनं दटावलं की तोंड जरा हसरं ठेव, पावणं बघाय लागल्यात. मी हसले. ते हसू बघून ती म्हणाली, त्यापरीस नगंच हसूस.

आणि का जळू नये? मंगळवार पेठेतल्या आमच्या दारात एवढा मोठा मांडव, त्यावर लाउडस्पीकर, बँड वेगळाच. नवरा इचलकरंजीचा, घरचे माग असलेला. पण शालू-दागिन्यांचं मला काही नव्हतं. माझा जीव अडकला होता खेळांत.

आमच्याकडं अक्षता पडल्या, जेवणं झाली की दुपारी नवरा-नवरीला समोरासमोर पाटावर बसवायचे. परातीत हळदीचं पाणी, त्यात अंगठी टाकायची, दोघांनी शोधायची. मग दातात धरलेला विडा तोडायचा, एकमेकांवर गुळण्या टाकायच्या, आणि शेवटी सुपारी. एकानं सुपारी मुठीत घट्ट धरायची, दुसऱ्यानं ती सोडवायची. नवरीला दोन्ही हात लावायची मुभा, नवऱ्यानं मात्र एकट्या डाव्या हातानं सोडवायची. भोवती दोन्हीकडची माणसं कडं करून बसायची आणि पोट धरून हसायची. त्या काळी दोघांनी एकमेकांना धड पाहिलेलंही नसायचं. चार माणसांसमोर नवऱ्यानं बायकोचा हात धरावा आणि कुणी नाव ठेवू नये, असा तो जन्मातला एकच दिवस.

तो दिवस माझा निम्माच झाला. माझं लग्न घाईत उरकलं होतं, कारण कागलला यांची आजी अंथरुणाला खिळली होती. ती गेली तर वर्षभर थांबावं लागणार, म्हणून सगळ्यांनी धावपळ केली. अक्षता पडल्या तेव्हा म्हातारी होती. अंगठीचा खेळ झाला तेव्हाही असावी. मग यांनी मुठीत सुपारी धरली आणि मी दोन्ही हातांनी ती सोडवली. यांनी मुद्दाम ढिली सोडली असं बायका म्हणाल्या आणि मला हे लगेच आवडले. मग माझी पाळी. मी सुपारी मुठीत आवळली, यांनी डावा हात पुढं केला, बोटं माझ्या बोटांना नुसती लागली, आणि कागलहून सायकलवर माणूस आला. डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला.

सगळे उठले. कुणीतरी परातीतलं पाणी मोगऱ्याच्या आळ्यात ओतून दिलं. लग्न लागलेलं, म्हणजे सुतक मलाही आलं. नव्या घरात गेले तर उंबऱ्यावर ओलांडायला माप नाही, ओवाळायला कुणी नाही, आत नुसता रडारडीचा आवाज. रात्री लुगडं बदलताना लक्षात आलं की मूठ अजून मिटलेली आहे. ती सुपारी मी कुंकवाच्या करंड्यात ठेवून दिली. सुतक फिटलं, वर्ष सरलं, तरी पुढचा खेळ कुणाच्या ध्यानात आला नाही. हे तर असे की घरात वडीलधारी माणसं असली तर माझ्याकडं मान वर करून बघायचेही नाहीत. आत्या मात्र दर सणाला चारचौघींत विचारायची, सुटली का गं तुझी सुपारी? बायका हसायच्या. मीही हसायचे, दुसरं काय करणार.

आणि आता धाकटीचं सगळं यथासांग चाललेलं. रुखवतात व्याह्यांसाठी आत कापूस भरलेले लाडू ठेवले होते. एका जाड्या पावण्यानं त्यात दात रुतवले आणि मांडव हसून कोसळायचा बाकी राहिला. उखाण्यांत नवऱ्याकडच्या एका काकूंनी सगळ्यांना गार केलं. परातीत अंगठी टाकायचं काम सवाष्ण थोरली बहीण म्हणून माझ्याकडं. मी टाकायची आणि तिनं शोधायची. तीनही वेळा तिलाच सापडली. टाळ्या पडल्या. बाई गं, एकदा तरी हरायचं होतंस, असं माझ्या मनात आलं.

मग सुपारीची वेळ आली आणि सुपारीच नाही. इचलकरंजीची मंडळी पान खाणारी, त्यांचा पाहुणचार कमी पडू नये म्हणून आत्यानं अडकित्ता घेऊन घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या सुपाऱ्या कातरून टाकल्या होत्या. पूजेच्या ताटातलीसुद्धा. एक अख्खी शिल्लक नाही. नवरदेव पाटावर बसून घड्याळ बघायला लागला. एकाला दुकानाकडं पिटाळलं, तेवढ्यात आत्याला आठवलं.

"थोरलीच्या करंड्यात हाय की एक!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. करंडा माझ्या पिशवीतच होता. आई म्हणाली, दे जा लवकर, पावणं खोळंबल्यात. मी सुपारी काढली. वाळून दगड झाली होती. आणि ती हातात आल्यावर बोटं आपसूक मिटली.

"दे गं," आई म्हणाली. "तुला आता काय उपयोग तिचा?"

तेवढं एक वाक्य तिनं बोलायला नको होतं.

"न्हाय देणार," मी म्हटलं. "तिला समदं मिळालंय. ही माझी हाय, आणि माझा डाव अजून व्हायचाय."

आईचा चेहरा पडला. व्याह्यांकडच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एवढ्यात पलीकडं पुरुषमाणसांत बसलेले हे उठले. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत पाणउतारा होणार. आईलाही तेच वाटलं असावं, कारण ती मध्ये यायला लागली. पण हे आले, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले, सदऱ्याची बाही वर सारली, उजवा हात पाठीमागं नेला आणि डावा पुढं केला.

मग काय विचारता. आत्यानं पहिली आरोळी ठोकली आणि दोन्हीकडची माणसं पाटावरच्या जोडप्याला सोडून आमच्याभोवती गोळा झाली. यांनी माझं एक बोट उघडलं की मी दुसरं मिटायचे. यांच्या कपाळावर घाम आला. माझ्या बांगड्या वाजत होत्या, लोक ओरडत होते, आणि त्या गलक्यात हे खाली वाकून हळूच म्हणाले,

"लगीच सोडू नगंस."

मी सोडली नाही. दुकानाची सुपारी येईपर्यंत आमचं चाललं. मग हे उठले, हात झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की घट्ट हाय, आपल्याच्यानं न्हाय व्हायचं. बायकोपुढं हरलेला जावई म्हणून पावण्यांनी यांची जी टर उडवली, ती यांनी मुकाट्यानं ऐकून घेतली.

धाकटीचा खेळ त्यानंतर झाला. तिनं मूठ मिटली, नवरदेवानं एका हिसक्यात उघडली, सुपारी खिशात टाकली आणि मोटार थांबलीय म्हणून उठला. हसायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. ती उघड्या हाताकडं बघत पाटावर तशीच बसून राहिली.

पाठवणीच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडली. आमच्या शेजारीच तिचा पाट होता, हे काय म्हणाले ते तिनं ऐकलं होतं. रडत रडत माझ्या कानाशी म्हणाली,

"तुझं बरं हाय आक्का. तुझा डाव अजून शिल्लक हाय."

मी तिला घट्ट जवळ घेतलं, तिच्याबरोबर मीही रडले, आणि खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटलं.