दाराआडचे दोन वाडगे

आमच्या दोन घरांमधली भिंत अशी, की तिकडे कुणाला उचकी लागली तर इकडे मी पाणी प्यायचे. तेव्हा ते भांडण मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. ते आपल्या पायांनी चालत माझ्याकडे आलं.

"एक आहे ना घरात? आता दुसरं कुत्रं कशाला?" हा शेजारी. पंखे, मिक्सर दुरुस्त करायचा.

"कायमचं नाही हो. त्याला चांगलं घर मिळेपर्यंत," त्याची बायको म्हणाली.

"मिळेपर्यंत! तुझा भाऊ नोकरी मिळेपर्यंत राहायला आला होता. त्याचं लग्न आपल्या घरातून झालं."

"तो निदान चावत तरी नव्हता."

"तुला नसेल चावला."

यावर दोघंही हसली, आणि बाई जिंकली हे मला भिंतीपलीकडून कळलं.

बाईंचं काम शिवणाचं, पण नवे कपडे नाहीत. लोकांचे जुने कपडे उसवायचे, आत घ्यायचे, बाहेर सोडायचे. गल्लीत तिचं नावच पडलं उसवणबाई. तिला त्याचा राग नव्हता. मला म्हणायची, "आजी, शिवतं कुणीही. उसवायला धीर लागतो. घाईने ओढलं की दोऱ्याबरोबर कापडही जातं."

कुत्र्यांच्या शेल्टरमधून मार खाल्लेलं, टाकून दिलेलं एखादं जनावर ती घरी आणायची, माणसांत रुळवायची, आणि कायमचं न्यायला कुणी तयार झालं की स्वतः चालत पोचवून यायची. त्याला नाव म्हणून देत नसे. नाव दिलं की पाय निघत नाही, म्हणायची. आला तो पाहुणा. घरचा तो एकच, थोरला. नवऱ्याचा जीव की प्राण. नवऱ्याच्या ताटात तोंड घालून जेवायचा, आणि नवरा वर आम्हालाच सांगायचा, "मला कुठे एवढं जातं."

पाहुणा आला की बाईंची रीत ठरलेली. पाहुणा शिवणाच्या मशीनच्या खोलीत, थोरला स्वयंपाकघरात, मधलं दार बंद. दोघांचे वाडगे दारापासून लांब. मग रोज ते बोटभर बोटभर दाराकडे सरकवायचे. दोन्ही वाडगे दाराला टेकले, की दाराची साखळी तशीच ठेवून ते फटीएवढं उघडायचं. सबंध दार कधी उघडायचं, ते बाई ठरवणार.

नवरा म्हणायचा, "आमचं लग्न याहून लवकर जमलं."

शेवटची आली ती काळी कुत्री होती. गळ्याभोवती केसच नव्हते, इतकी वर्षं बांधून ठेवलेली. आणि उपाशी. वाडग्याजवळ कुणाची सावली पडली तरी ओठ वर जायचा. दोन घरांनी तिला परत केली होती. शेल्टरमधल्या मुलीने बाईंना आधीच सांगितलं, "काकू, आता हिने कुणाला फाडलं, तर डॉक्टर इंजेक्शन देऊन हिला संपवतील. मग माझं कुणी ऐकणार नाही."

म्हणून बाई हिच्या वेळी फारच सावकाश गेली. वाडगे सरकतायत की नाही ते बघायला चष्मा लावावा लागला असता. आणि गंमत अशी, की दुसरं कुत्रं नको म्हणणारा नवराच हिच्यात अडकला. एकदा तिने त्याच्या पायावर हनुवटी टेकली, तर गडी तसाच खुर्चीत बसून राहिला आणि भिंतीतून मला हाक मारली, "आजी, जरा येऊन आमच्या चुलीवरचं दूध उतरवता का? मला उठता येत नाही."

एका संध्याकाळी बाई दोरे आणायला गेली आणि दुकानात खोळंबली. इकडे जेवणाची वेळ झाली. फटीच्या अलीकडे पलीकडे दोघंही शेपट्या हलवत खात होती. नवऱ्याच्या मनात आलं, झालं की आता, आपणच दार उघडावं, बायको येऊन बघेल तर थक्क होईल. त्याने साखळी काढली. वाडगे शेजारी शेजारी ठेवले. दोन पोरांना जेवायला बसवावं तसा मधे बसला.

थोरल्याने आपलं संपवलं. मग जन्मभराच्या सवयीने शेजारच्या वाडग्यात तोंड घातलं.

भिंतीतून आला तो आवाज मी लिहीत नाही. धावत गेले तर नवरा जमिनीवर, मांडीवर थोरला, गळ्यातून रक्त. नवऱ्याच्या स्वतःच्या हाताची कातडी लोंबत होती, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. पाहुणी मशीनखाली भिंतीला चिकटून थरथरत होती. एवढ्यात बाई आली. तिने आधी मधलं दार लावलं, मग चादर ओढून थोरल्याला गुंडाळलं. थोरला डॉक्टरच्या दारापर्यंतही पोचला नाही.

हाताला बँडेज बांधून नवरा स्वतः शेल्टरमध्ये गेला. आल्यावर जिन्यातच बसला. मला म्हणाला, "मी सांगितलं, दार मी उघडलं. चूक माझी. म्हटलं, आम्हीच ठेवतो तिला. आता घरात दुसरं कुत्रं..." डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं. तळमजल्यावर लहान पोरं राहतात, एक जीव घेतलेलं कुत्रं त्या घरात राहायचं नाही. इंजेक्शनचा दिवसही सांगितला.

त्या रात्रीनंतर भिंत गप्प होती. एकदा दुपारी नवरा बोलला.

"मला दोन शब्द तरी बोल. शिव्या दे."

"कशाला? माया केलीत तुम्ही."

बराच वेळ मशीन चाललं. मग थांबलं.

"पाहुणी तयार होती हो," बाई म्हणाली. "दुसऱ्याच्या ताटात तोंड घालू नये, हे आपल्या थोरल्याला शिकवायचं राहिलं होतं. मी सगळं हिचंच उसवत बसले."

बाईंनी त्यानंतर कधी पाहुणा आणला नाही.

सांगितलेल्या दिवशी सकाळी पाहुणीला तिने आंघोळ घातली, विंचरलं. नवऱ्याने डाव्या हाताने तिला भरवलं आणि आत जाऊन बसला. पाहुण्यांना पोचवायला बाई नेहमी जायची तशीच निघाली: एका हातात दोरी, दुसऱ्यात वाटेत द्यायच्या कपड्यांची पिशवी. मी खिडकीत होते. समोर औषधांच्या दुकानापाशी ती थांबली आणि दुकानदाराला त्याची पँट दिली.

"कमरेला सैल सोडलीय," म्हणाली. "धुऊन आटली तर सांगा. आत अजून कापड आहे."

तो बरं म्हणाला. तिने पिशवीची घडी घालून काखेत धरली, आणि पाहुणीला म्हणाली, "चल."