बॉनेटखालचं जू

गेल्या रविवारी सकाळी वालूरला, आमच्या गोठ्यात, माझी गाडी बॉनेट उघडून उभी होती आणि मी तिच्यासमोर तोंड पाडून. दोन महिने जिची स्वप्नं बघितली ती वस्तू बसवून आणली होती... आणि ती करकरत होती.

वस्तू म्हणजे स्ट्रट बार. पुढच्या दोन चाकांचे शॉकॲब्सॉर्बर वर बॉनेटखाली जिथे बोल्टने बसतात, त्या दोन टोकांना जोडणारा आडवा दांडा. गाडी जोरात वळवली की पुढचा सांगाडा किंचित पिळतो, तो या दांड्यामुळे कमी पिळतो... म्हणे.

माझी गाडी सेकंड हँड आहे. छोटी, लाल, आवाजाला जरा आगाऊ. मी सेलूला विज्ञान शिकवते, आणि ऑफ तासाला स्टाफरूममध्ये वह्या पुढ्यात ठेवून मोबाईलवर हे दांडे बघत बसायचे. एक काळा, सरळसोट, अख्खा लोखंडी. एक निळा, हलका, ॲल्युमिनियमचा, मधे पेच असलेला... तो फिरवला की दांडा लांब-आखूड होतो. लोखंडी मजबूत, पण वजनदार आणि माप जरा चुकलं तर बोल्ट बसणार नाहीत. निळ्याचं माप जुळवता येतं, पण सांधे जास्त. शिवाय दांडा बॉनेटला किंवा बॅटरीला घासायला नको, ही एक वेगळीच काळजी.

गाड्यांच्या ग्रुपवर एकाने स्पष्टच सांगितलं की, ताई, रोजच्या रस्त्यावर याचा फरक पडलाच तर तो तुमच्या मनात पडेल. मला पटलं होतं. तरी बघत राहिले.

कारण माझ्या मनात एकच चित्र होतं. पोखर्णीचा रस्ता, दोन्ही बाजूंना ज्वारी, कालव्याजवळचं ते लांब वळण... गाडी अलगद वळतेय, आणि शेजारच्या सीटवर अण्णा बसलेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते माझ्या गाडीत कधीच बसले नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा गुडघा गेला, बैलांचं करणं होईना, आणि बैलजोडी विकावी लागली. मी दर शनिवारी गावाकडे येते, तेव्हा सावली म्हणून गाडी गोठ्यात लावायला लागले. जिथे बैल उभे राहायचे, अगदी तिथेच. अण्णांना ते बघून काय वाटेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही हो.

 अण्णा फक्त "गाडीत माझं पोट ढवळतं" म्हणायचे आणि पोखर्णीच्या नृसिंहाला एसटीने जायचे, परभणीला बस बदलून, तो दुखरा गुडघा घेऊन. मला ते फार लागायचं. म्हणून मी खुळ्यासारखं ठरवलं होतं, गाडी वळणावर इतकी स्थिर करायची की त्यांना ते कारणच उरणार नाही.

शेवटी निळा घेतला. सेलूच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढवलेली होती, तेव्हाच घाई करून म्हटलं, आत्ताच बसवा. मेकॅनिक म्हणत होता, गाडी खाली आल्यावर बघू. पण मला कुठला धीर... आणि मग वालूरपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर करकर, करकर.

तर रविवारी मी अशी उभी असताना अण्णा काठी टेकत आले. काय करायलीस, म्हणाले. मी सगळं सांगितलं. त्यांनी वाकून त्या निळ्या दांड्याकडे बराच वेळ बघितलं, दोन्ही टोकांवर हात ठेवला.

"हे तर जूच हाय की. बांधताना गाडी उभी होती का टांगलेली?"

टांगलेली, मी म्हटलं. चाकं हवेत लोंबकळत होती.

अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. जनावर चारी पायांवर उभं असल्याशिवाय जू कसं बसल, असं म्हणून त्यांनी मला सगळे बोल्ट ढिले करायला लावले. मग बॉनेटच्या कडेला दोन्ही तळवे टेकून गाडीचं नाक दोन-तीनदा खाली दाबलं, सोडलं. गाडी हलली, स्थिरावली. मी विज्ञानाची बाई नुसती पाना धरून उभी.

मी आवळायला गेले तर म्हणाले, थांब, रिकाम्या गाडीवर कशाला आवळतीस, वजन पाहिजे. आणि गोठ्यात आम्ही दोघंच होतो.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. डावं दार उघडलं. एक पाय हाताने उचलून आत घेतला आणि बसले.

 मी काही बोलले असते तर अण्णा उतरले असते. या बाजूला अर्धा फेरा, त्या बाजूला अर्धा फेरा, असे बोल्ट आवळत गेले. डोळ्यांना काही नीट दिसत नव्हतं, हातांनीच काम केलं.

बॉनेट लावलं तर काचेतून अण्णा समोर बघत होते. तिथून समोर गव्हाण दिसते. बैलांना दिसायची तीच. किती वेळ बघत होते कोण जाणे... कवडशात धूळ तरंगत होती आणि मला वाटलं, ही सकाळ अशीच राहावी.

मग त्यांनी काच खाली केली.

"आता बसलोच हाय, तर पोखर्णीला जाऊन येऊ. चल माय."

तशीच निघाले, हाताला ग्रीस घेऊन. गावाबाहेरच्या गतिरोधकावर करकर आली नाही. पोखर्णीच्या रस्त्याला लागलो, कालव्याजवळचं वळण आलं, आणि अण्णांचा हात पोटावर नव्हता. डॅशबोर्डवर होता, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

ग्रुपवर सगळे विचारतायत, बारने वळणावर फरक पडला का. खरं सांगू? त्या वळणावर मी गाडीकडे लक्षच दिलं नाही.