बारकूसरांचा हाका

सिद्धगडाच्या पायथ्याच्या हायस्कुलात बारकूसर खेळाचे मास्तर म्हणून लागले ते एक्क्याण्णव साली. तेही त्याच डोंगरातल्या पाड्यावरचे. फुटबॉलचे नियम ते शारीरिक शिक्षणाच्या पदवीला शिकले होते, पण मुलींना जे शिकवलं ते पदवीतलं नव्हतं. ते भाताच्या वावरातलं होतं.

दाणा भरला की रानडुकरं खाली उतरायची. मग सगळा पाडा हाका घालायला निघायचा. ओळीनं दबून बसायचं, एकानं आरोळी दिली की सगळ्यांनी एकदम उठायचं आणि डबे बडवत डुकराला ओढ्याच्या काठाशी कोंडायचं. एकट्यानं पुढं धावायचं नाही, आणि कुणी बसूनही राहायचं नाही. एक जरी उशिरा उठला, तरी जनावर बरोबर त्याच्याच बाजूनं निसटतं.

"बॉल त्यांच्या मागच्या पोरीकडं आहे म्हणजे जनावर अजून झुडपात आहे," सर सांगायचे. "तिथंच गाठायचं. बाजूची रेघ म्हणजे ओढा. तिकडं रेटत न्यायचं."

"आणि सर, आपला गोल कोण राखील?" लहानी नावाच्या पोरीनं विचारलं.

"बांधावर बसून कुणी वावर राखलंय गो?"

"पण सर, यात डुक्कर कोण? बॉल का ती शहरातली पोरगी?"

पोरी हसून हसून मैदानात लोळल्या. सरांनाही हसू आलं, पण त्यांनी शिट्टी वाजवली.

आरोळी द्यायची ती मैनेनं. दहावीतली, काटक, बोलायला कमी. ती "उठा!" म्हणाली की अकराजणी एका दमात सरकायच्या. सामना चालू असताना सर कागदाच्या चिठोऱ्यावर तिच्या प्रत्येक उठण्याला एक रेघ मारत. सत्त्याण्णव साली याच हाक्याच्या जोरावर शाळा जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला पोचली.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात सर मैनेच्या घरी गेले. तिचे वडील वाल्मिक अंगणात पेंढ्या बांधत होते. मैना पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"वाल्मिकदादा, पोरीला पुढं शिकवा. हुशार आहे."

"जिल्हा जिंकून विभागाला गेली तर शिकू दे बारावीपर्यंत. माझा शब्द. नायतर वैशाखात लगीन. वैशाखरे गावची सोयरीक येऊन बसलीय."

"अहो, सोळाची नाय अजून."

"हिची आय चौदाची होती, मास्तर."

मैनेनं तांब्या ओट्यावर ठेवला आणि आत गेली. तिनं सगळं ऐकलं होतं.

सामना मंगळवारी होता, शहापूरच्या मैदानावर. सकाळी निघताना सरांनी गावदेवीपुढं मैनेच्या नावानं नारळ फोडला. मनाला बरं वाटलं.

पहिल्या भागात समोरच्या पोरींना श्वास घेता आला नाही. उंच होत्या, पायात चांगले बूट होते, पण बॉल पायात आला की चारी बाजूंनी कुणीतरी यायचंच. मैनेनं त्यांच्या गोलापाशीच बॉल हिसकला आणि लहानीनं आत ढकलला. एक-शून्य.

मधल्या सुट्टीत सरांनी मीठ-साखरेचं पाणी फिरवलं. मैनेनं तोंडात घेतलं आणि चूळ भरून थुंकलं. सरांच्या मनात आलं, पोरीला गर्व चढला.

दुसऱ्या भागात मैना उशिरा उठायला लागली. आरोळी यायची, पण तिचेच पाय मागं राहायचे. दहाजणी पुढं सरकलेल्या आणि तिच्या बाजूला ही एवढी मोकळी वाट. बॉल तिथूनच निसटला आणि गोल झाला.

"मैने, झोपलीस काय?" सर रेघेवरून सगळ्यांदेखत ओरडले. "तुझ्याच बाजूनं जातंय सगळं! उठ!"

ती उठली. सर ओरडले की ती उठायची. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना पुन्हा तिच्याच बाजूनं बॉल गेला. दोन-एक. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मैना दोन्ही हात मातीत टेकून बसली होती. सर तिच्यापाशी गेले आणि रागाच्या भरात बोलून गेले, "तुझं लगीन तूच ठरवलंस आज."

वैशाखात लग्न झालं. सर बायकोला, बाईजाला, घेऊन गेले. हळदीच्या अंगानं मैना पाया पडायला आली आणि खालमानेनंच बोलली.

"सर, रागावू नका. मी देवीला निर्जळी बोलली होती. सोमवार सकाळपास्नं पाण्याचा थेंब घेतला नव्हता."

सरांच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या.

"पण तुमी ते पाणी दिलं ना, चूळ टाकताना एक घोट घशात गेला. तिथंच उपास मोडला. म्हणून देवी रुसली. तुमची काय चूक नाय, सर. मीच नीट थुंकली नाय."

उत्तर सरांच्या जिभेवर होतं. देवी रुसली नाही गो, दीड दिवस पाण्याविना कुणाचे पाय उचलतील? पण ते सांगायचं, तर हेही सांगावं लागलं असतं की तिचा नवसच तिला घेऊन बुडाला. उद्या परक्या घरी जाताना पोरीजवळ ती देवीच तेवढी होती. मग तिनं हात कुणापुढं जोडायचे? त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अक्षता टाकल्या.

"काय बोलली पोरगी?" वाटेत बाईजानं विचारलं.

"काय नाय."

पुढच्या वर्षीपासून सामन्याआधी प्रत्येक पोरीनं त्यांच्या डोळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यायचं, असा नेम झाला. "उपास नाय ना गो कुणाचा?" ते विचारायचे. पोरी हसायच्या. हाका ते शिकवत राहिले, पण शाळा पुन्हा जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला पोचली नाही.

आणि दर मंगळवारी ते स्वतः निर्जळी धरायला लागले. कशासाठी, ते बाईजालाही सांगितलं नाही. पहिल्याच मंगळवारी संध्याकाळी ते पोरींच्या ओळीत मैनेच्या जागी उभे राहिले आणि प्रत्येक आरोळीला त्यांच्याबरोबर धावले. पाचव्या आरोळीला त्यांचे पाय उठले नाहीत. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते खाली बसले.

घरी आल्यावर त्यांनी पाकिटातला जुना चिठोरा काढला. दुसऱ्या भागात मैनेच्या नावापुढं सतरा रेघा होत्या.

त्यांनीच मारलेल्या.