ताईंचं बाहेरचं काम

ताईंबद्दल मला फारसं माहीत नाही. इतकी वर्षं एका छपराखाली काम केलं, पण त्यांचा मुलगा मी कधी पाहिला नाही. आणि त्याच मुलाचं कारण पुढे करून मी त्यांना वर्कशॉपच्या दाराबाहेर जाऊ दिलं नाही.

आमच्याकडे पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटरी दुरुस्तीला येत. ताई वाइंडिंग करायच्या. जळकी तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार खाचांत बसवायची, वरून वॉर्निश. त्यांनी भरलेली मोटर सहसा परत येत नसे. मी फोरमन. कामं मी वाटायचो.

गिऱ्हाइकाकडे जाऊन पंप बसवायचं काम आलं की ताई मान वर करायच्या.

"काका, मी जाऊ?"

"लांब आहे हो. परतायला अंधार पडेल. घरी लेकरू आहे ना तुमचं?"

"त्याच्याजवळ आजी आहे. तुमचा जीव कशाला टांगणीला?"

"पाठवा की ताईंना," फिटर कोपऱ्यातून खिदळायचा. "पंप घाबरूनच सुरू होईल."

"तू गेलास की बंद पडतो, म्हणून तर विचारतेय."

सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि पाठवायचो फिटरलाच. वाटायचं, आपण माणुसकीनं वागतोय. ते लेकरू पुढे कॉलेजात गेलं म्हणे. माझ्या तोंडी मात्र ते लेकरूच राहिलं.

माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा ताईंनी माझी जागा स्वतःहून मागितली. मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. भला माणूस. म्हणाले, "ताई, तुमच्या हाताला तोड नाही. पण फोरमनला बाहेरचं काम माहीत हवं. तुम्ही एकदा तरी गेलात का?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. 'मीच जाऊ दिलं नाही,' एवढंच बोलायचं होतं. मी टेबलावरचा चहाचा डाग बोटानं पुसत राहिलो.

जागा फिटरला मिळाली. त्याला वाइंडिंग शिकवलं होतं ताईंनीच.

शेवटच्या दिवशी मी डबा पिशवीत भरला. ताई मोटरीवर वाकल्या होत्या. मनातलं बोलून टाकावं म्हणून जवळ गेलो, पण धीर झाला नाही.

"निघतो, ताई."

"निघा, काका. अंधार पडेल."

"आणि तुम्ही?"

"एवढी खाच भरते, मग जाते."